जीपचा घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी ज्या काही दुःखद गोष्टी शिकवतात, त्यांत घसारा ही सर्वांत दुःखद. घसारा म्हणजे काय, तर विकत घेतलेली वस्तू दुकानाची पायरी उतरली रे उतरली की तिची किंमत कमी व्हायला लागते, आणि ही कमी झालेली किंमत दर वर्षी न चुकता वहीत लिहून ठेवायची. हेच एखाद्या कवीला सांगितले तर तो विराणी लिहील. आम्ही जर्नल एन्ट्री लिहितो.

घसारा काढायच्या पद्धती मुख्यतः दोन. एक स्थिर हप्त्याची. हिच्यात दर वर्षी ठरावीक रक्कम वजा होते आणि एक दिवस वस्तू शून्यावर येऊन शांतपणे देह ठेवते. दुसरी घटत्या शिल्लकीची. हिच्यात दर वर्षी उरलेल्या रकमेवर टक्के लागतात. आयकर खाते साध्या मोटारीला सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा मानते. या दराने एक लाखाची मोटार दहा वर्षांनी १९,६८७ रुपयांची होते आणि पन्नास वर्षांनी २९ रुपये ५८ पैशांची. शून्याची मात्र ती कधीच होत नाही. कितीही वर्षे जावोत, चिमूटभर का होईना, काहीतरी उरतेच. आत्मा अमर आहे हे सांगायला गीता लागली. मोटार अमर आहे हे आम्हाला बी.कॉम.च्या पुस्तकात मिळाले.

माझ्या मेव्हण्याकडे अशी एक २९ रुपये ५८ पैशांची जीप आहे. १९७२ सालची, सासऱ्यांनी घेतलेली. तिला आता 'ट्रेल'साठी तयार करायचे त्याच्या मनात आहे. ट्रेल म्हणजे जिथे रस्ता नाही तिथे चारचाकी घेऊन मुद्दाम जायचे, अडकायचे, निघायचे आणि चिखलासकट फोटो काढून घ्यायचे. आमच्या लहानपणी असल्या वाटांनी एस.टी. जात असे, आणि त्याला कोणी हौस म्हणत नसे. असो. तर या जीपवरून घरात दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, तिला मूळ रूपात आणा. दुसरा म्हणतो, चालेल तशी करा. माझे मत कोणी विचारलेले नाही, त्यामुळे मी ते सविस्तर द्यायचे ठरवले. त्यासाठी आधी जीपचे मूळ रूप म्हणजे कोणते हे पाहायला हवे, कारण खाते कधी आणि कोणाच्या नावे उघडले हे कळल्याशिवाय शिल्लक सांगू नये, असा आमच्या धंद्याचा नियम आहे.

हे खाते उघडले अमेरिकेत. जुलै १९४० मध्ये तिथल्या लष्कराने १३५ कंपन्यांकडून निविदा मागवल्या. गाडी छोटी हवी, चारही चाकांना इंजिनाची ओढ हवी, वजन १,३०० पौंड म्हणजे ५९० किलोच्या आत हवे आणि नमुना ४९ दिवसांत दारात हवा. १३५ पैकी दोनच कंपन्या पुढे आल्या. उरलेल्या १३३ ठिकाणी ते पत्र 'पाहिले' असा शेरा मारून फायलीला लागले असणार. मोठ्या संस्थांची रीत सगळ्या जगात सारखीच.

मुदतीत नमुना देतो असे म्हणणारी कंपनी होती पेनसिल्व्हानिया राज्यातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम. तिचे दिवाळे वाजायच्या बेतात होते. बुडत्याला काडीचा आधार असतो. हिला ४९ दिवसांचा होता. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरने कागद पुढे ओढला आणि दोन दिवसांत गाडीचा आराखडा काढून दिला. २३ सप्टेंबर १९४० रोजी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. साडेचारला गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीच्या फाटकातून आत शिरली. अर्धा तास हातचा राखून! ज्याने ३१ मार्चची रात्र ऑफिसात काढली आहे त्यालाच या अर्ध्या तासाची खरी किंमत कळेल.

यानंतर बँटमचे जे झाले ते वाचताना हुशार पण गरीब विद्यार्थ्याची आठवण होते. एवढीशी कंपनी लढाईपुरत्या गाड्या कशी बनवणार, अशी शंका लष्कराला आली, आणि तिचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन मोठ्या विद्यार्थ्यांना उतरवून घ्यायला मिळाले. विलीजकडे डेल्मर रूस या इंजिनिअरने तयार केलेले ६० अश्वशक्तीचे दांडगे इंजिन होते. पण गाडी भरली जड. १,३०० पौंडांचा हट्ट अशक्य आहे हे एव्हाना लष्करालाही कळले होते आणि मर्यादा २,१६० पौंडांवर गेली होती. तरीही विलीज त्याच्या वरच. मग रूसने गाडी सुटी केली, एकेक भाग तराजूत घातला, लांब बोल्ट आखूड केले, जाड पत्रा पातळ केला. रंगाचा दुसरा हात दिला असता तर गाडी पुन्हा मर्यादेबाहेर गेली असती, इतकी ती काठावर पास झाली असे सांगतात. म्हणजे जगातल्या पहिल्या जीपांपैकी एकीची सुरुवातच मुळी सुटी करून, कापून, जोडून झाली. पुढे जे शेकडो मिस्त्री जन्मभर करणार होते, ते कंपनीने स्वतःच आधी करून दाखवले.

कंत्राट विलीजला मिळाले, नंतर फोर्डलाही. बँटमच्या वाट्याला २,७०० च्या आसपास गाड्या आल्या आणि मग जीपला मागे जोडायचे ट्रेलर बनवायचे काम. ज्याने वरात काढली त्याला शेवटच्या बैलगाडीत बसवण्याचाच हा प्रकार. विलीजने मात्र 'जीप आम्ही जन्माला घातली' अशा जाहिराती दिल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४८ मध्ये असे म्हणायला विलीजला मनाई केली. न्याय मिळाला; तोवर बँटमने गाड्या बनवणे सोडून दिले होते.

लढाई संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. कुठल्याही जीपचा भाग कुठल्याही जीपला बसला पाहिजे अशी अट होती. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, 'एफ' अक्षर उमटवले. लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यांवर आपण नाव घालून घेतो, तसे. पण भांड्यांचे काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. दोन हळदीकुंकवे आणि एक बारसे झाले की तुमची वाटी शेजारी आणि शेजारचा डबा तुमच्याकडे. रणभूमीवर तेच झाले. फोर्डचे बोल्ट विलीजच्या अंगात, विलीजचा दांडा फोर्डच्या पोटात. तीन मेलेल्या जीपांतून एक जिवंत जीप उठायची आणि पुढच्या गावाला जायची.

गाडी बनवणाऱ्यांना हे आधीपासून माहीत होते. याचा पुरावा म्हणजे तिचे दिवे. युद्धातल्या जीपचा पुढचा दिवा एक चावी सैल करून मागे फिरवता येत असे, म्हणजे त्याचा उजेड रस्त्यावर न पडता बोनेटखाली इंजिनावर पडे. रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून! आपण नवी मोटार घेतो तेव्हा विक्रेता 'हिला काही होणारच नाही साहेब' असे सांगतो. जीप पहिल्या दिवसापासून सांगत होती, 'मला होणार आहे, आणि तेही बहुधा रात्री होणार आहे. तेव्हा हा दिवा घ्या.' इतके प्रामाणिक यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली होती, ही गोष्ट मात्र ती फारशी बोलून दाखवत नसावी.

युद्धानंतर या गाड्या भंगारात, लिलावात, शेतांत जगभर पसरल्या, आणि ज्याच्या हाती लागल्या त्याने त्या आपल्या गरजेप्रमाणे कापल्या. वेल्सजवळच्या अँगलसी बेटावर रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स शेतावर एक जुनी जीप राबवत होते. तिच्यासारखीच पण आपली गाडी हवी, असे म्हणून त्यांच्या लोकांनी १९४७ मध्ये जीपच्याच सांगाड्यावर पहिला नमुना उभा केला, आणि १९४८ मध्ये लँड रोव्हर बाजारात आली. फिलिपीन्समध्ये अमेरिकनांनी मागे टाकलेल्या जीपा लांबवून, आत समोरासमोर बाके टाकून, वर रंगीबेरंगी छत चढवून मनिलाकरांनी 'जीपनी' नावाची सार्वजनिक गाडी केली. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये जीपच्या पुढच्या चाकांसाठी खटक्याचे हब काढले. जुन्या जीपचे दुखणे असे, की फक्त मागच्या चाकांवर चालत असतानाही पुढचा आस आणि दांडा उगाच फिरत राहत, झिजत, पेट्रोल खात. काम नसताना नुसते फिरणारे आणि भत्ता खाणारे घटक आपल्याही ओळखीचे आहेत. वॉर्नच्या हबने त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवायची सोय केली. साधा डांबरी रस्ता असेल तर हब मोकळा. चिखल आला की उतरून खटका फिरवायचा आणि सगळे कामावर हजर.

हौस म्हणून आडवाटेला जायचे, ही कल्पनाही तिकडचीच. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाऊन गावाच्या मंडळींनी रुबिकॉन ट्रेल नावाच्या जुन्या घोडागाडीच्या दगडधोंड्यांच्या वाटेने सिएरा नेवाडा डोंगर ओलांडून टाहो सरोवराकडे जीपांची यात्रा नेली. जीपर्स जंबोरी हे तिचे नाव. ही यात्रा पुढे दर वर्षी भरू लागली. वाटेत काही ना काही मोडायचेच, आणि मोडले की थांबून जोडायचे. आपल्याकडच्या वारीत आणि या वारीत फरक इतकाच, की तिथे पंढरपुराऐवजी सरोवर आणि टाळांऐवजी पाने.

आता आपल्या आळीत येऊ. १९४५ मध्ये मुंबईत महिंद्र अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. के. सी. आणि जे. सी. महिंद्र हे भाऊ आणि गुलाम मोहम्मद हे भागीदार. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. दोन देशांचे ताळेबंद वेगळे होत असताना इतक्या मोजक्या अक्षरांत उरकलेले भागीदारीचे विसर्जन दुसरे नसेल. चाळीशीचे दशक संपता संपता या कंपनीने विलीजच्या सुट्या भागांच्या पेट्या आणून माझगावात जीपा जोडायला सुरुवात केली. म्हणजे भारतात जीप आली तीसुद्धा सुटीच.

त्याच सुमारास सरकारही जीपा आणत होते. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८ मध्ये लंडनच्या आपल्या उच्चायुक्तांच्या कार्यालयामार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार झाला. पैसे बरेचसे गेले, जीपा आल्या १५५, आणि त्याही सैन्याच्या उपयोगाच्या निघाल्या नाहीत. संसदेत गदारोळ झाला, चौकशी झाली, आणि १९५५ मध्ये प्रकरण मिटल्याचे सरकारने जाहीर केले. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा हा असा जुनी जीप दुरुस्त करण्याच्या प्रश्नावर झालेला आहे. मेव्हण्याच्या खर्चाचा अंदाज ऐकून माझी बायको जेव्हा संशयाने पाहते, तेव्हा तिच्यामागे केवढी परंपरा उभी आहे याची तिला कल्पना नसते.

आपण ज्या जीपला जीप म्हणून ओळखतो ती सीजे ३ बी. अमेरिकेत ती १९५३ मध्ये आली. नव्या इंजिनाच्या झडपांची रचना बदलल्यामुळे ते उंच झाले, पण चेसी आणि बाकीचा पत्रा जुनाच ठेवायचा होता, म्हणून नुसते बोनेट वर उचलले. तेव्हापासून या गाडीच्या चेहऱ्यावर भुवया उंचावल्याचा भाव आहे. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे मात्र तिची मुले, नातवंडे आणि पतवंडे कितीतरी दशके निघत राहिली. तहसीलदार तिच्यातून पंचनाम्याला गेले, फौजदार तपासाला गेले, उमेदवार प्रचाराला गेले, आणि उरलेला महाराष्ट्र वडापला बसून तालुक्याला गेला. सांगली-साताऱ्याकडे जिला वडाप म्हणतात त्या जीपमध्ये किती माणसे मावतात, याचे उत्तर 'अजून एक' असे आहे.

पुढे १९७३ मध्ये जगात तेलाचा भडका उडाला आणि पेट्रोल पिणारी जीप पोसणे जड जाऊ लागले. महिंद्रकडे ट्रॅक्टरचा धंदा होताच. ट्रॅक्टरच्या कुळातले डिझेल इंजिन जीपमध्ये आले. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनाचा करार झाला, आणि अमेरिकन चेसीवर फ्रेंच इंजिन घालून, उजव्या हाताला स्टिअरिंग ठेवून इगतपुरीच्या पाण्यावर वाढलेली जीप मराठी मुलखात धावू लागली. ज्यांच्याकडे जुन्या पेट्रोल जीपा होत्या त्यांनीही मिस्त्रींकडून डिझेल बसवून घेतले. सासऱ्यांनीही घेतले. नोंदणी पुस्तकात इंजिन बदलल्याची नोंद आहे, शिक्क्यासकट. याचा एक परिणाम असा, की ही जीप उघडायला पान्यांचे दोन संच लागतात. चेसीचे बोल्ट इंची, इंजिनाचे मिलिमीटरचे. द्विभाषिक राज्याचा कारभार कसा चालत असेल, ते मला तिच्याखाली डोकावल्यावर कळले.

आणि 'मूळ' या शब्दाची आणखी एक गंमत. २०१८ मध्ये महिंद्रने याच घराण्यातली रॉक्सॉर नावाची गाडी अमेरिकेत शेतावर आणि आडवाटेवर चालवायला नेली. जीप हे नाव तोवर विलीजकडून कैसर, एएमसी, क्रायस्लर अशी बिऱ्हाडे बदलत गेले होते. नव्या घरमालकांनी तक्रार केली, आणि २०२० मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ठरवले की रॉक्सॉरचे रूप जीपच्या राखीव रूपाशी फार जुळते. महिंद्रने तिचा चेहरा बदलला. म्हणजे हिशेब असा: आराखडा बँटमचा, इंजिन विलीजचे, पत्र्यातून दाबून काढलेली पुढची जाळी मुळात फोर्डची, आणि चेहऱ्याचा हक्क चौथ्याचाच! मूळ जीप शोधायला निघालेल्या माणसाने इथे थांबून चहा घ्यावा.

ट्रेलसाठी जुनी जीप तयार करणे हे यापुढचे प्रकरण. साधूच्या लंगोटीची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. लंगोटी उंदीर कुरतडतो म्हणून मांजर पाळले, मांजराला दूध हवे म्हणून गाय, गाईला चारा हवा म्हणून शेत, आणि शेवटी साधू संसाराला लागला. जीपच्या बाबतीत लंगोटीच्या जागी टायर असतो. मूळ टायर ६.०० बाय १६ चा, सडपातळ. दगडांतून जायला मोठा टायर हवा. मोठा टायर वळताना आणि उसळताना पत्र्याला घासतो, म्हणून कमान पाटे बदलून गाडी उंच करायची. गाडी उंच झाली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि त्याचे क्रॉस जॉइंट ओरडायला लागतात. मोठे चाक थांबवायला जुने ड्रम ब्रेक अपुरे. त्यात ओढ्याचे पाणी शिरले की ते काही वेळ नुसते सल्लागार म्हणून काम करतात. म्हणून डिस्क ब्रेक. स्टिअरिंग जड होते म्हणून पॉवर स्टिअरिंग. आणि मोठ्या चाकाने गिअरची ओढ कमी पडते म्हणून डिफरेन्शियलचे दाते बदला. इथवर येईपर्यंत साधूला दोन मुले झालेली असतात.

मिस्त्रींचे म्हणणे याच्या उलट. "साहेब, हिची ताकद वेगात नाही, सावकाशीत आहे," ते म्हणाले. आणि हिशेब त्यांच्या बाजूने आहे. सीजे ३ बीचा पहिला गिअर २.८०, ट्रान्सफर केसचा लो २.४६, डिफरेन्शियल ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक. अशी गाडी क्लचला न छेडता दगडावर मुंगीसारखी चढते. पाटे सरळ करून घ्या, बुश बदला, टायरची हवा थोडी कमी ठेवा म्हणजे तो पसरून जमीन धरतो, आणि दगडाला पाहून स्टिअरिंग फिरवा. निम्मा ट्रेल तिथेच पार पडतो, असा त्यांचा सिद्धान्त.

उरलेल्या निम्म्यात डिफरेन्शियल आडवे येते. वळताना बाहेरचे चाक जास्त धावते, म्हणून दोन्ही चाकांना वेगळे फिरू देणारी ही युक्ती. रस्त्यावर ती सोन्यासारखी. पण एक चाक हवेत लोंबकळले की ती सगळे फेरे त्या लोंबकळणाऱ्या चाकाला देऊन टाकते, आणि जमिनीवर पाय रोवून उभे असलेले चाक तसेच उभे राहते. कर्जवाटपाच्या अनेक योजना मी जवळून पाहिल्या आहेत, त्यामुळे मला हे यंत्र समजायला वेळ लागला नाही. यावर उपाय म्हणजे लॉकर, जो दोन्ही चाकांना एकत्र बांधतो. जीपवर खर्च करायचाच असेल तर पहिला पैसा इथे करावा, असे मेव्हणा आणि मिस्त्री या दोघांचे एकमत आहे. बाकी कशावरही नाही.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की नोंदणीतला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट शिक्कामोर्तब केले. यात गैर काही नाही. अंगाबाहेर आलेले टायर आणि घरी जोडलेले ब्रेक घेऊन कोणी हमरस्त्यावर आले, तर समोरून स्कूटरवर येणारा माणूस आमच्या बँकेतला असू शकतो. प्रश्न एवढाच, की कायदा ज्याला 'मूळ' म्हणतो ते जीपमध्ये कुठे शोधायचे?

दुसरा मार्ग व्हिंटेजचा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरे. पण मग ती रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर यायचे. पेट्रोल भरायला जाता येते, भरलेले पेट्रोल जाळायला मात्र निमित्त शोधावे लागते. आणि मोठे फेरफार नको, ही अट जीपला लावणे म्हणजे वारकऱ्याला सांगणे, की पाय झिजलेले नसतील तर वारकरी म्हणून नोंद करू.

तिसरा मार्ग साधा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. त्याची फी २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींना १०,०००. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. म्हणजे २९ रुपये ५८ पैशांची मालमत्ता पाच वर्षे बाळगायला दहा हजारांहून जास्त. विमा कंपनीच्या कोष्टकात गाडी पाचव्या वर्षी निम्मी होते, आणि त्यानंतरची किंमत कंपनीने आणि मालकाने परस्परसंमतीने ठरवायची असते, सोयरीक जमवल्यासारखी. मेव्हण्याने तीन लाख म्हटले. समोरच्या माणसाने गाडीकडे पाहिले, मग मेव्हण्याकडे पाहिले. दोघे नव्वद हजारांवर थांबले.

मेव्हण्याने तिसरा मार्ग धरला आहे. इंजिन नोंदणीतले तेच राहणार, टायर अंगाबाहेर जाणार नाहीत, लो गिअर कामाला येणार. मला हे हिशेबाला धरून वाटते. लेखाशास्त्रात 'चालू व्यवसाय' नावाची एक संकल्पना आहे. धंदा उद्या बंद पडणार नाही असे गृहीत धरूनच मालमत्तेची किंमत मांडायची. उद्या दुकान मोडायचे असेल तर त्याच कपाटाची किंमत रद्दीची. जीपचे मूळ रूप होते ते एवढेच: चालू राहणे, आणि बंद पडली तर जवळ असेल त्या वस्तूने पुन्हा चालू होणे. त्या अर्थाने वडापची ठिगळ लावलेली जीप बँटमच्या पहिल्या गाडीशी जास्त इमान राखून आहे. काचेआड चकचकीत उभी असलेली तेवढे नाही.

फक्त यात एक नोंद राहून जाते. भाग अजून मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात, कुर्ल्याच्या भंगारात, लेथवर नवा घडवूनसुद्धा मिळतो. मिळत नाहीत ते हात. आमचे मिस्त्री सत्तरीला आले आहेत. क्रॉस जॉइंट गेला की नाही हे ते गाडी फाटकात शिरतानाच्या आवाजावरून सांगतात. त्यांचा मुलगा एका नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरात आहे. तिथे बिघाड कॉम्प्युटर सांगतो आणि भाग बदलतात, बनवत नाहीत. त्याला पगार वेळेवर मिळतो, आणि बापालाही त्याचे समाधान आहे. "पाच वर्षांनी पुन्हा पासिंगला आणा," मिस्त्री मेव्हण्याला म्हणाले, "गाडी येईल. माझं बघा बुवा."

तेव्हापासून मेव्हणा दर रविवारी त्यांच्या हाताखाली बसतो. शिकायला वय झाले आहे, पण नेट आहे. इंची पाना मागितला की अजून मिलिमीटरचा पुढे करतो, आणि मिस्त्री तो न बोलता परत ठेवायला लावतात. मी बाजूला स्टुलावर बसून खर्च लिहितो. घसाऱ्याचा रकाना मी सध्या कोरा ठेवला आहे.